खडी एकाची, काच दुसऱ्याची

डंपरमधून उडालेला खडा समोरच्या गाडीची किंमत विचारत नाही. गुरुग्राम-सोहना रस्त्यावर, खेडकी दौलाच्या टोलनाक्याच्या अलीकडे किंवा ग्रेटर नोएडाहून आग्र्याकडे जाणाऱ्या यमुना एक्स्प्रेसवेवर तो पोर्शेच्या काचेवर बसतो तसाच वॅगनआरच्या काचेवरही बसतो. टक्क असा आवाज होतो, काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका दिसतो, आणि दोन-चार दिवसांत त्यातून एक रेघ सरकत जाते. इथपर्यंत दोन्ही गाड्यांचे सारखेच. फरक पडतो तो विम्याचा कागद बाहेर निघाल्यावर. पोर्शेवाल्याला काच विम्यातून बदलून घेणे परवडते. वॅगनआरवाल्याने क्लेम टाकला तर तो तोट्यात जातो, म्हणून तो टाकत नाही, आणि हिशेबाने पाहिले तर त्याचेच बरोबर असते. माझा आक्षेप त्या हिशेबालाच आहे. समोरची काच हा गाडीतल्या माणसांच्या जिवाशी जोडलेला भाग आहे. तो वेळेवर बदलण्याची सोय गाडी जितकी महाग तितकी सोपी व्हावी, अशी रचना आपण वर्षानुवर्षे चालू दिली आहे.

स्पोर्ट्‌स कारपासून सुरुवात करण्याचे कारण एवढेच की तिच्यात ही रचना मोठ्या आकड्यांत दिसते. दिल्ली परिसराला वेगवान गाड्यांचे वेड नवे नाही. यमुना एक्स्प्रेसवे २०१२ साली खुला झाला. १६५ किलोमीटरचा सरळ, काँक्रीटचा रस्ता. त्याच्या कडेलाच बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, आणि पहिल्या शर्यतीच्या अखेरीस चौकटीचा झेंडा फडकवायला सचिन तेंडुलकर उभा होता. पण या गाड्या ज्या वाटांनी धावतात, त्याच वाटांनी दिल्ली बांधलीही जाते. गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद इथले मनोरे, उड्डाणपूल, मेट्रोचे खांब यांना लागणारी खडी आणि रेती हरियाणा-राजस्थानातून डंपरनेच येते. बसक्या बांध्याच्या गाडीला पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेला खडा थेट डोळ्यांच्या पातळीवर गाठतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले गणित इथे काचेवर सिद्ध होते.

ही काच साधी नसते. जुन्या पद्धतीच्या टफन्ड काचेला वर्मी खडा लागला की सगळी काच क्षणात दाण्यांची होऊन मांडीवर पडे. आजची समोरची काच लॅमिनेटेड असते: काचेचे दोन पातळ थर आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा चिवट पापुद्रा. ही कल्पना एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच रसायनज्ञाची. प्रयोगशाळेत खाली पडलेले काचेचे पात्र तडकले, पण विखुरले नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर सुकून बसला होता. त्यावरून त्याला सुचले आणि १९०९ साली त्याने पेटंट घेतले. खड्याने बाहेरचा थर फुटतो, आतला सहसा शाबूत राहतो, आणि मधला पापुद्रा दोघांना धरून ठेवतो. म्हणूनच लोक तडा गेलेल्या काचेने महिनोन्‌महिने गाडी चालवतात. काच पडली नाही म्हणजे ती काम करते आहे, असा समज होतो.

तो समज धोक्याचा आहे. आजच्या गाडीत समोरची काच युरेथेनच्या पट्ट्याने सांगाड्याला चिकटवलेली असते आणि सांगाड्याच्या ताकदीत तिचा वाटा असतो. गाडी उलटली तर छत दबू न देण्यात ती मदत करते. डाव्या सीटसमोरची एअरबॅग अनेक गाड्यांत वर उसळून काचेचा आधार घेते आणि मग माणसाकडे वळते. काच तिथून सुटली तर एअरबॅग असून नसल्यासारखी. शिवाय दिल्लीची हवा काचेला सुखाने राहू देत नाही. जूनमध्ये बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि आतून एसीचा गार झोत, जानेवारीत बाहेर धुके आणि आतून डीफॉगरची गरम हवा. काचेच्या दोन बाजूंचे तापमान असे ओढाताण करू लागले की टवक्याची रेघ होते आणि रेघ कडेपर्यंत पोचते. टवका लहान असतानाच त्यात रेझिन भरून, अतिनील दिव्याखाली ते सुकवून, तो जागीच थांबवता येतो. नाण्याएवढा टवका असेल, कडेपासून दूर असेल आणि चालकाच्या नजरेच्या रेषेत नसेल, तर थोडक्यात काम होते. रेघ कडेला पोचली की पूर्ण काच बदलण्यावाचून इलाज नाही.

आता स्पोर्ट्‌स कारची काच बदलायची म्हणजे काय ते पाहू. काचेवर गाडीचा वेग प्रक्षेपित होत असेल, तर मधला पापुद्रा एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असावा लागतो, नाहीतर आकडे दुहेरी दिसतात. आवाज अडवणारा वेगळा थर असतो. पावसाचा सेन्सर असतो. आरशामागे कॅमेरा असेल तर तो लेन ओळखतो, पुढची गाडी ओळखतो, गरज पडल्यास ब्रेक लावतो. काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते, कारण त्याची नजर अंशभर जरी वळली तरी पन्नास मीटरवरची गाडी त्याला भलत्या लेनमध्ये दिसू शकते. आणि काच चिकटवल्यावर युरेथेन धरेपर्यंत गाडी हलवायची नसते. घाई करणारा मालक आणि घाई करणारा मेकॅनिक भेटले की सगळ्यात आधी हाच वेळ कापला जातो.

देशातल्या बहुतेक गाड्यांच्या काचा देशातच होतात. असाही इंडिया ग्लासची सुरुवात ऐंशीच्या दशकात मारुतीच्या भागीदारीने झाली. हरियाणातल्या रेवाडी जिल्ह्यात, बावलला तिचा कारखाना आहे. आपल्या पुण्याजवळ चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिट समोरच्या काचा बनवते. कश्मिरी गेटच्या बाजारात वॅगनआरची काच दुपारपर्यंत हातात येते. अख्खी आयात झालेल्या गाडीची काच मात्र परदेशातून मागवावी लागते, आणि आयात म्हटली की शुल्क, वाहतूक आणि वाट पाहणे आले. आयातशुल्काचा आकडा गाडीला कुठे नेतो हे मराठी वाचकाला तेंडुलकरच्या फेरारीवरून आठवेल. २००२ साली भेट मिळालेल्या त्या गाडीवर एक कोटीहून अधिक शुल्क होत होते. ते माफ झाले म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शेवटी ते शुल्क भेट देणाऱ्या कंपनीकडून भरले गेले. सुट्या भागांवरचे शुल्क तेवढे नसते, पण अशा गाडीच्या काचेचे बिल लाखांत जाते, यात नवल नाही.

इथे विमा येतो, आणि सुरुवातीला तो चांगला वागतो. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफने घसाऱ्याचा तक्ता घालून दिला. त्यात रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, फायबरग्लासवर ३० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार वाढत जाणारा, आणि काचेवर शून्य. सहा वर्षांच्या गाडीची काच फुटली तरी नव्या काचेची पूर्ण किंमत मिळते. विमा विकणारे 'झिरो डेप (घसारा न कापणारे जादा कव्हर) घ्या म्हणजे काच पूर्ण मिळेल' असे सांगतात तेव्हा लक्षात ठेवावे की काच आधीपासूनच पूर्ण मिळते. त्या जादा कव्हरचा उपयोग काचेभोवतीच्या रबरी बीडिंगला आणि गाडीच्या इतर भागांना. मालकाने स्वतः सोसायचा सक्तीचा हिस्सा १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये. म्हणजे टॅरिफ लिहिणाऱ्यांना काच झिजत नाही, ती फक्त फुटते, हे नीट कळले होते. काचेवर घसारा लावून मालकाला जुनी काच वापरत राहायला लावू नये, इतका विचार त्यामागे दिसतो. मला तो मनापासून पटतो.

मग बोनस येतो आणि हा विचार पुसून टाकतो. एक वर्ष क्लेम नाही केला तर पुढच्या ओन डॅमेज प्रीमियमवर २० टक्के सूट. सलग दोन वर्षे नाही केला तर २५, तीन वर्षांना ३५, चार वर्षांना ४५ आणि पाच वर्षांना ५०. ही नो क्लेम बोनसची शिडी. एक क्लेम केला की माणूस थेट जमिनीवर. तो क्लेम गाडीचा चेंदामेंदा झाल्याचा होता की सात हजारांच्या काचेचा, हे शिडीला माहीत नसते. १ जानेवारी २००७ पासून दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या, पण या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या.

हिशेब कागदावर मांडून पाहावा. पन्नास टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाने एक क्लेम केला. पुढच्या वर्षी त्याचे पन्नास टक्के जातात. त्यानंतर वीसच्या पायरीवर आल्यामुळे तीस जातात, मग पंचवीस, मग पंधरा, मग पाच. बेरीज १२५. म्हणजे एका क्लेमची खरी किंमत बोनस धरण्यापूर्वीच्या सवा वर्षाच्या प्रीमियमइतकी. गाडीचे विमामूल्य दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी भरेल. तरी वर्षभराच्या प्रीमियमच्या आसपास तो राहतोच. उदाहरणादाखल समजा, छोट्या गाडीचा बोनसपूर्व प्रीमियम ८,००० रुपये आहे आणि काच बसवून ७,००० ला मिळते. सक्तीचा हिस्सा वजा जाता विमा ६,००० देईल आणि पुढच्या पाच वर्षांत १०,००० परत घेईल. दुसरीकडे स्पोर्ट्‌स कारचा बोनसपूर्व प्रीमियम दीड लाख आणि कॅलिब्रेशनसह काचेचे बिल तीन लाख धरा. विमा २,९८,००० देईल, १,८७,५०० परत घेईल. एक लाख दहा हजार पाचशे रुपये मालकाच्या पदरात. पायरी खालची असेल तर चित्र बदलते, वीसवरून पडणाऱ्याचे नुकसान १२५ ऐवजी ८० टक्के भरते; पण छोट्या गाडीवाल्याचा क्लेम तरीही आतबट्ट्याचाच, कारण ६,४०० गमावून ६,००० घ्यायचे.

गाडी महाग होत जाते तशी काच प्रीमियमपेक्षा वेगाने महाग होते. प्रीमियम गाडीच्या मूल्याच्या प्रमाणात चढतो. काच आयात, सेन्सर, वक्रता, दुर्मीळपणा या सगळ्यांचे पैसे घेते. म्हणून काचेचा विमा वरच्या टोकाला खरा असतो आणि खालच्या टोकाला कागदोपत्री. खालच्या टोकाचा माणूस मग काय करतो? तो टवक्याकडे दुर्लक्ष करतो. रेघ वाढली की स्वस्तातली काच शोधतो, तिच्या कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आहे का ते पाहत नाही, आणि चिकटवलेली काच अर्ध्या तासात रस्त्यावर आणतो, कारण त्याच गाडीने संध्याकाळी मुलांना आणायचे असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आला पाहिजे असे सांगतो. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली आणि पोलिसांनी चौकाचौकांत त्या फाडल्या. काळी फिल्म शोधणाऱ्या नजरेला तडा गेलेली काच दिसत नाही. कॅमेरा असलेल्या गाड्या आता दहा-बारा लाखांतही मिळतात. त्यांच्या मालकांनी पुढे जुन्या काचेच्या भावात नवी काच आणि शून्य कॅलिब्रेशन पत्करले, तर आपोआप ब्रेक लावणारी गाडी चुकीच्या वेळी ब्रेक लावेल किंवा लावणारच नाही.

विमा कंपन्यांची बाजू मी हलकी मानत नाही. बोनस ही सावध चालकाची कमाई आहे, असे त्या म्हणतात, आणि डंपरच्या मागे चिकटून गाडी नेणाऱ्याची काच लवकर फुटते हेही खरे आहे. अंतर ठेवणे हा सावधपणाच आहे. पण खेडकी दौलाला किंवा कापसहेड्याच्या सीमेवर ज्याने संध्याकाळी गाडी चालवली आहे त्याला माहीत आहे की पुढच्या वाहनापासून अंतर ठेवले की त्या अंतरात तिसरेच वाहन शिरते. विरुद्ध दिशेच्या डंपरने उडवलेला खडा तर कोणत्याही अंतराला जुमानत नाही. काचेच्या क्लेमवरून चालकाबद्दल जे कळते ते बंपरच्या क्लेमवरून कळते त्याच्या पासंगालाही पुरत नाही. आणि किरकोळ क्लेम चाळण्याचे काम सक्तीचा हिस्सा आधीच करतो. तीच चाळणी बोनसने पुन्हा लावायची, म्हणजे एकाच खड्याचा दंड दोनदा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: काच फुकट केली की फसवणूक वाढेल. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचा अनुभव त्याला पुष्टी देतो. तिथे कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असलेल्याला समोरच्या काचेसाठी स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, असा कायदा आहे. हेतू सरळ होता: फुटक्या काचेने कोणी गाडी चालवू नये. पुढे काच बसवणारी दुकाने पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांच्या मालकांना गाठून भेटवस्तूंच्या आमिषाने क्लेम करायला लावू लागली, मालकाचे हक्क स्वतःच्या नावे लिहून घेऊ लागली आणि फुगवलेल्या बिलांसाठी विमा कंपन्यांवर खटल्यांची रांग लावू लागली. अखेर २०२३ मध्ये राज्याने हे हक्क लिहून घेणे आणि आमिषे देणे दोन्ही बंद केले. दिल्लीत असे होणार नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ज्या शहरात जुन्या अपघाताचे पोचे नव्या क्लेममध्ये बसवून देण्याची तयारी दाखवली जाते, तिथे फुकट काच म्हणजे उघडे दार.

पण फ्लोरिडाचा दोष मालकाचा हिस्सा शून्य करण्यात होता. जर्मनीत काच फुटणे आंशिक विम्याच्या पॉलिसीत येते, मालक आपला हिस्सा भरतो, आणि त्याची बोनसची पायरी तशीच राहते. ब्रिटनमध्येही बहुतेक पॉलिसींत काचेचे कव्हर वेगळे, तिचा हिस्सा वेगळा, आणि बोनसला सहसा धक्का नाही. दोन्हीकडे मालकाच्या खिशाला थोडी झळ लागते, म्हणून तो उगाच काच बदलत नाही. पाच वर्षांची शिक्षा मात्र त्याला होत नाही.

आपल्याकडे हा उपाय बाजारात विकला जातो. 'एनसीबी प्रोटेक्शन' नावाचे जादा कव्हर घेतले की वर्षात ठरावीक क्लेम होऊनही बोनस टिकतो. काही कव्हरांत काचेची दुरुस्ती, बदल नव्हे, बोनसला न शिवता होते. मग प्रश्न कुठे राहिला, असे विचारता येईल. प्रश्न हा की ते कोण घेतो. महागडी गाडी शोरूममधून निघते तेव्हा तिच्या पॉलिसीत सगळी कव्हरे भरलेली असतात. एकूण रकमेत ती दिसतही नाहीत. जुनी छोटी गाडी मोबाइलवर, सर्वांत कमी आकडा पाहून, रात्री बारा वाजण्याच्या आत रिन्यू होते. तिथे हे कव्हर नसते. म्हणजे बोनसच्या नियमातला दोष दुरुस्त करण्याची किंमतही पुन्हा ज्याला परवडते तोच भरतो. सुरक्षेच्या भागाबाबत असे असू नये. सीटबेल्ट जादा पैशांनी मिळत असे त्या काळातून आपण बाहेर आलो आहोत.

मला हवा असलेला बदल मोठा नाही. विमा नियामकाने मूळ पॉलिसीच्या भाषेतच लिहावे की वर्षातून एकदा केवळ समोरच्या काचेपुरता केलेला क्लेम बोनसच्या दृष्टीने क्लेम धरला जाणार नाही. त्या बदल्यात मालकाचा हिस्सा सपाट हजार-दोन हजार न ठेवता बिलाच्या दहा टक्के करावा. छोट्या गाडीवाल्याला सातशे रुपये पडतील, स्पोर्ट्‌स कारवाल्याला तीस हजार. दोघांनाही थोडे बोचेल, आणि तीन लाखांची काच एका बारीक टवक्यासाठी बदलून घेण्याचा मोह वरच्या टोकालाही आवरेल. टवक्याची दुरुस्ती मात्र पूर्ण मोफत असावी. तिचा खर्च काचेच्या तुलनेत नगण्य असतो आणि ती वेळेत झाली तर काच वाचते, म्हणजे कंपनीचाच पैसा वाचतो. कॅमेरा असलेल्या गाडीचा क्लेम कॅलिब्रेशनच्या नोंदीशिवाय बंद होऊ नये. आणि नव्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो फाइलला जोडावा. सर्व्हेअर पाठवणे महाग पडते ही तक्रार मी ऐकली आहे, पण मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहणी करण्याची पद्धत आपल्या कंपन्या आधीच वापरतात. याने सगळ्यांचा प्रीमियम थोडा वाढेल. तो वाढावा, असेच माझे म्हणणे आहे. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्यांनी रस्त्याचा धोका वाटून घेणे, यासाठीच तर विमा असतो.

काच मंजूर झाली तरी दिल्लीकराचे काम संपत नाही, हे बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. समोरच्या काचेवर फास्टॅग असतो. तो काढला की निकामी होतो, अशीच त्याची बनावट असते. नव्या काचेसाठी बँकेकडून नवा घ्यावा लागतो, आणि तोवर टोलनाक्यावर जादा पैसे भरावे लागतात. त्याच काचेवर इंधनाचा रंगीत होलोग्राम स्टिकर असतो: पेट्रोल आणि सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी. प्रदूषणाच्या दिवसांत कोणती गाडी थांबवायची हे दुरून ओळखता यावे म्हणून २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही योजना मान्य केली. काच गेली की तोही गेला, आणि तो नसेल तर पावती फाटते. सरकारने दोन कागद काचेवर चिकटवायला लावले, पण काच बदलल्यावर ते पुन्हा कसे मिळावेत याची सांगड विम्याच्या प्रक्रियेशी घातली नाही. क्लेम मंजूर होतानाच दोन्हींची मागणी आपोआप नोंदवली जाणे अवघड नाही.

राहिला तो डंपर. कायद्याच्या दृष्टीने नुकसानीची जबाबदारी त्याची आहे. प्रत्येक वाहनाला सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही भरतो. चारचाकी आणि मालवाहू वाहनांना या भरपाईची मर्यादा साडेसात लाखांची आहे, मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे तसा दावाही करता येतो. फेरारीचीही काच त्यात बसेल. पण त्यासाठी डंपरचा नंबर हवा, आणि चिखलाने माखलेली ती पाटी धावत्या रस्त्यावर कोण वाचणार? बांधकामाचे साहित्य झाकून न्यावे असा नियम आहे. राजधानी परिसराच्या हवेसाठी २०२१ च्या कायद्याने उभा राहिलेला आयोग ते पुन्हा पुन्हा बजावतो. ताडपत्री नसलेल्या त्याच डंपरमधून धूळ हवेत जाते आणि खडी काचेवर. धुळीची मोजणी करणारी यंत्रे शहरभर आहेत. खडीची मोजणी कुठेच नाही.

ती होऊ शकते. कंपनीने क्लेम दिला की मालकाचा डंपरविरुद्धचा हक्क कंपनीकडे जातो. एकट्या मालकाला त्याचा उपयोग नाही, पण कंपन्यांच्या हाती हजारो क्लेम असतात, आणि काच फोडणाऱ्या डंपरचा विमाही त्यांच्यापैकीच कोणाकडे असतो. क्लेमची माहिती एकत्र करण्यासाठी हैदराबादला इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो आहे. काच कुठे फुटली, किती वाजता, कोणत्या दिशेला जाताना, एवढे तीन रकाने काचेच्या प्रत्येक क्लेमला जोडले तर सोहना रस्त्याचा कोणता टप्पा, कोणत्या वेळी, कोणत्या क्रशरच्या वाटेवर खडी सांडतो हे काही महिन्यांत दिसू लागेल, आणि वाहतूक पोलिसांना ताडपत्रीची तपासणी कुठे लावायची हे विचारावे लागणार नाही. आज ही माहिती जमतच नाही, कारण ज्यांच्या काचा सर्वाधिक फुटतात ते बोनस जाईल म्हणून क्लेमच करत नाहीत. विम्याच्या नोंदीत दिल्ली परिसरातले रस्ते आहेत त्यापेक्षा स्वच्छ दिसतात. काचेचा क्लेम बोनसपासून सोडवला, तर वॅगनआरवाल्याची काच बदलली जाईल आणि त्याच्या काचेवर बसलेला खडा पहिल्यांदा कुठेतरी नोंदला जाईल.